मागचं पाखं

"मागचे काढून समोर लावू का, भाऊ?"

"लाव ना बावा. मागं कोन पाहून राहिलं?"

पहिला आवाज छपरावरून आला, मिस्त्रीचा. दुसरा रस्त्याकडच्या अंगणातून, माझ्या बाबांचा. मी त्या दोघांच्या मधे होते, मागच्या खोलीत, कोपऱ्यातल्या टेबलाशी. ती खोली माझी आहे आणि दिवसाचा बराच वेळ मी तिथंच असते, हे बाबांना माहीत होतं. पण पाहणाऱ्यांत त्यांनी मला धरलं नव्हतं.

मग डोक्यावर खरडल्यासारखा आवाज झाला आणि छपराचा एक कवेलू, म्हणजे कौल, निघाला. उन्हाचा चौकोन लॅपटॉपवर पडला. दुसरा निघाला, चौकोन वाढला. वाळलेलं शेवाळ, कोळ्याची जाळी, उंदरानं कधीतरी नेऊन ठेवलेल्या चिंध्या, सगळं टेबलावर आलं. मी लॅपटॉप मिटून ओढणीखाली घेतला आणि तशीच बसून राहिले. उठून बाहेर गेले असते तर काहीतरी बोलावं लागलं असतं, आणि काय बोलायचं ते ठरेपर्यंत माझी वेळ नेहमी निघून जाते.

भोकातून मिस्त्रीचं तोंड दिसलं.

"अरे, मॅडम आहे का खाली?" तो म्हणाला. "सरका जराशा. डोक्यावर पडला त सारी इंग्लिश बाहेर निघून येईन."

अंगणात बाबा हसले. मिस्त्रीचं बोलणं मी विसरले असते. ते हसणं विसरले नाही.

कवेलू फेरणं म्हणजे काय, हे आमच्या पांढुर्ण्यात पूर्वी कोणाला सांगावं लागत नसे. आता निम्म्या गल्लीवर स्लॅब आहे, म्हणून सांगते. मे महिना सरत आला की मिस्त्री छपरावर चढतो. एकेक कवेलू उचलतो, झाडतो, लाकडाच्या रिपेवर पुन्हा नीट अडकवतो, फुटलेले बदलतो. उचललेला प्रत्येक कवेलू तो बोटाच्या पेरानं वाजवून पाहतो. खणखणीत वाजला तर धड. बोदा वाजला तर त्यात तडा आहे, डोळ्यांना दिसत नसला तरी. हे कवेलूच्या घरात वाढलेल्या कोणालाही कळतं. मी आत बसून, वर न पाहता, नुसत्या आवाजावरून सांगू शकत होते की कोणता कुठे जाणार. आमच्या छपराला दोन पाखी आहेत, एक रस्त्याकडे उतरणारं, एक परसाकडे. खणखणीत वाजलेले रस्त्याकडच्या पाख्यावर जात, बोदे वाजलेले परसाकडच्या. रस्त्याकडच्या पाख्याखाली बैठक आणि आईबाबांची खोली. परसाकडच्या पाख्याखाली स्वयंपाकघर आणि मी.

एखाद्या वर्षी असं झालं असतं तर मी समजून घेतलं असतं. आमच्याकडे हे दरवर्षी होतं. घर बांधलं तेव्हा दोन्ही पाखी एकाच भट्टीच्या कवेलूंनी शाकारली होती. ती भट्टी केव्हाच बंद पडली. दुसऱ्या भट्टीचा कवेलू आमच्या कवेलूच्या खाचेत बसत नाही, बोटभर फट राहते. त्यामुळे समोरचा एखादा फुटला की त्याच्या जागी मागचा जायचा, आणि मागे मात्र कुठूनही आणलेला चालायचा. कोणी घर पाडून स्लॅब टाकला की त्याच्याकडचे, सावरगावच्या कोणाच्या गोठ्यावरचे, सौंसरला आत्याच्या शेजाऱ्याकडे पडून असलेले. कवेलूच्या पोटाला भट्टीची खूण असते. पलंगावर आडवी झाले की मला कुठे हत्ती दिसायचा, कुठे कमळ, कुठे घड्याळासारखं काहीतरी. परक्या घरांनी टाकून दिलेलं सगळं माझ्या डोक्यावर, आणि त्या प्रत्येकाच्या कडेला फट.

बाबा सरकारी कचेरीत आहेत. गल्लीत लोक त्यांना साहेब म्हणतात. पावसाळ्यात कोणी विचारलं, काय साहेब, छप्पर कसं आहे यंदा, की बाबा मान वर करून सांगत, "आपलं छप्पर? टिपूस नाई येत." ते खोटं बोलत नसत. बैठकीत टिपूस येत नव्हता. मागे गंज म्हणजे मोठं पातेलं, परात आणि बकेट यांच्या जागा ठरलेल्या होत्या, पण बाबा पावसात मागे येत नसत.

नदीकाठच्या घरांचं ठीक आहे. कवेलू फुटले तर त्यांना गोटमारीचे दगड दाखवता येतात, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन्ही काठांवरून लोक एकमेकांवर भिरकावतात ते. आमच्याकडे दोष द्यायला काही नव्हतं, म्हणून तो वांदरांना द्यायचा. आमच्या गल्लीत वांदर येऊन किती वर्षं झाली, कोणास ठाऊक.

माझ्या पलंगावर एक फ्लेक्स ताणून बांधलेला होता. कुठल्याशा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा, दादानं चौकातून काढून आणलेला. तो पुढारी हात जोडून बारा महिने माझ्याकडे पाहत असे. पावसाळ्यात त्याच्या पोटाशी पाणी साचायचं. झाडूच्या दांड्यानं ते ढकलत कडेला न्यायचं आणि बकेटीत पाडायचं, हे काम माझं. मी त्याबद्दल कधी बोलले नाही. शाळा इंग्रजी माध्यमाची होती. तिथं चुकीचं बोललं की हसायचे, म्हणून मी गप्प राहायला शिकले. घरी शाळेतल्यासारखं बोललं की हसायचे, म्हणून घरीही. मग गप्प राहण्याचाच माझा स्वभाव आहे असं सगळ्यांनी धरून घेतलं, आणि त्यात त्यांची सोय होती.

या वर्षी घाई वेगळ्याच कारणानं होती. दादासाठी लोधीखेड्याचं स्थळ आलं होतं. ते आत्यानं आणलं होतं. आत्या म्हणजे बाबांची सौंसरची बहीण, जी आमच्या घरात आली की आमच्या घराचे सगळे निर्णय घेते. मुलगी पाहून झाली होती, दादा आणि ती फोनवर बोलतही होते. राहिलं होतं ते मुलीकडच्यांनी घर पाहायला येणं. याआधी दोन स्थळं नेमकी इथंच अडली होती. एकांनी सरळ सांगितलं, आमची पोरगी कवेलूच्या घरात देत नाही. दुसऱ्यांनी काही सांगितलं नाही, फोन उचलणं बंद केलं. दादा बोरगावला एका कंपनीत जातो. संध्याकाळी परतला की जेवताना कोणाशी बोलत नाही, आणि आई त्याच्या ताटात वाढताना उगाच डोळ्याला पदर लावते. हे स्थळ गेलं तर पुढच्याचा भरवसा नव्हता. हे मला पूर्ण माहीत होतं. मला माहीत नव्हतं असं कोणी म्हणू नये.

मिस्त्रीनं समोरचं पाखं पुरं करून वरून लाल रंगाचा हात मारला. रस्त्यावरून पाहिलं तर घर नवं दिसत होतं. मागे त्यानं फुटके तुकडे परसात भिरकावले होते, आईच्या मिरचीच्या वाफ्यात.

"माही मिरची दाबली ना तुमी," आई म्हणाली.

"मिरची दुसरी लागते, काकू," मिस्त्री शिडी खांद्यावर घेत म्हणाला. "पाहुने दुसरे कुठून आनान?"

आई खाली बसून वाफ्यातले तुकडे वेचायला लागली. आमच्या घरात लग्नाचं नाव घेतलं की कोणीही कोणालाही गप्प करू शकत असे.

संध्याकाळी ती पोळ्या लाटत होती. मी ओट्याशी उभी राहिले. खूप वेळ उभी राहिले असणार, कारण तिनं न पाहता विचारलं, "काय पाहिजे?"

"आई, यंदा माह्या खोलीवर बहुत फटी राह्यल्या. वरून उजेड दिसते."

"तुही खोली?" ती म्हणाली. "ते आता तुही नाई राहत. लग्न झाल्यावर दादा-वहिनी तिथं."

"आन् मी?"

"तू बैठकीत. दिवान आहे ना. तसंबी तुले किती दिवस राहाचं हाय इथं?"

म्हणजे शेवटी मला कोरडं छप्पर मिळणार होतं. फक्त बैठकीला आतून लावायचं दार नाही. एक दार रस्त्याकडे उघडतं, ते रात्रीपर्यंत उघडंच असतं. दुसऱ्या बाजूला पडदा आहे. मागच्या खोलीत पाणी होतं, उंदीर होते, तो हात जोडलेला पुढारी होता, पण कडी होती. त्या कडीसाठी मी इतकी वर्षं बकेटी उचलल्या होत्या. आता ती कडीही दुसऱ्यांची होणार होती, आणि हे मला पोळ्या होता होता, मीच विचारलं म्हणून कळत होतं.

"मग पावसाळ्यात ते कुठं झोपतीन?" मी विचारलं.

आईचं लाटणं थांबलं. तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"तू झोपते ना तिथं?" ती म्हणाली. "मेली का?"

मी परत खोलीत गेले आणि कडी लावून घेतली.

दादानं त्यावर उपाय शोधून ठेवला होता. त्याच्या ओळखीचा कोणी पीव्हीसीची सीलिंग बसवत होता. पांढऱ्या चकचकीत पट्ट्या, कडेनं सोनेरी रेघ. त्यांनी माझा पुढारी सोडवून परसात गुंडाळून टाकला आणि दिवसभरात खोलीला खालून नवं छत लावून दिलं. वरचे कवेलू, हत्ती, कमळ, फटी, सगळं त्या पांढऱ्याच्या आड गेलं. खोली बुटकी झाली, उकडायला लागली, आणि मोबाइलच्या दुकानासारखी दिसायला लागली.

"पाह्य," दादा दारात उभा राहून म्हणाला. तो खूश होता. खूप दिवसांनी मी त्याला खूश पाहत होते. "कशी झाली?"

"पानी आलं तर?"

"पानी वर राहीन ना. खाली दिसाले नाई पाहिजे, बस."

"वर राहून जाईन कुठं?"

त्याचा चेहरा फिरला. "तुले ना, कोनाचं चांगलं झालेलं सहनच होत नाई," तो म्हणाला. "पाहुने येतीन त्या दिवशी फक्त तोंड बंद ठेवजो. ते तर तुले चांगलं येते."

पाहुणे येणार त्याच्या आदल्या दुपारी वारा सुटला. अवकाळीचाच तो, धूळ उडवून, चार सरी झोडपून निघून जाणारा. मी खोलीत होते. पूर्वी पाणी यायचं तेव्हा निदान दिसायचं, कुठे गंज ठेवायचा ते कळायचं. आता नुसता आवाज होता. वर कोणीतरी पोत्यातून ज्वारी ओतत असावं तसा. पाऊस थांबला, अंगणात ऊनही आलं, तरी माझ्या डोक्यावर टपटप चालूच होती. मग पलंगाच्या वरच्या कोपऱ्यात छताला पोट सुटायला लागलं. पांढऱ्या पट्ट्या वाकल्या, सोनेरी रेघ वाकली.

मी आईला हाक मारली. आईनं दादाला हाक मारली. दादा आला, त्यानं वर पाहिलं, पेचकस आणला आणि पलंगावर उभं राहून फुगलेल्या जागी खुपसला. चहाच्या रंगाचं पाणी धारेनं माझ्या गादीवर पडलं. त्यात शेवाळ होतं, एक मेलेला किडा होता. गादी ओढून घ्यावी असं तिघांपैकी कोणाच्याच मनात आलं नाही. माझ्याही नाही. मी ते पाणी पडताना पाहत राहिले.

बाबा आले तेव्हा धार थांबत आली होती.

"सुकून जाईन उद्यापर्यंत," ते म्हणाले. "पंखा चालू ठेवा."

मी तेव्हा बोलले. हळू आवाजात, पण बोलले. "बाबा, त्याईले सांगून टाका ना. मागं गळते म्हना, दिवाळीनंतर स्लॅब टाकू म्हना."

"स्लॅब कोन टाकून देईन? तुहा सासरा?" बाबा म्हणाले. "आन् सायबाच्या घरात पानी गळते, हे मी माह्या तोंडानं लोधीखेड्याले पाठवू?"

दादा हसला. ओल्या गादीवर उभा राहून हसला.

संध्याकाळी त्यानं बाजारातून प्लास्टिकचं फूल आणलं, छताला चिकटवायचं, बशीएवढं, पाकळ्यांवर सोनेरी चमक असलेलं. ते भोकावर चिकटवलं. मग आत्याचा फोन आला, तिनं व्हिडिओ कॉलवर खोली पाहिली आणि म्हणाली, एकाच कोपऱ्यात फूल चांगलं नाही दिसत. दादा पुन्हा बाजारात गेला आणि उरलेल्या तिन्ही कोपऱ्यांसाठी फुलं घेऊन आला. माझी गादी परसात फुटक्या कवेलूंच्या ढिगावर वाळत टाकली होती. पलंगावर कपाटातली नवी गादी आणि नवी चादर आली. मी बैठकीत दिवानावर झोपले. पडद्यापलीकडून बाबांचं घोरणं ऐकत होते. वर टिपूस नव्हता.

मी काही ठरवलं होतं असं समजू नका. ठरवून बोलणाऱ्यांतली मी नव्हेच.

सकाळी आत्या सौंसरहून आली ती सूचना देतच आली. पडदा बदला, चपला आत घ्या, परसाकडचं दार लावून ठेवा. मला म्हणाली, "चांगला ड्रेस घाल वं. आन् हसजो जराशी. त्याईले वाटाले नाई पाहिजे का पोरीले ननद खडूस भेटली." मी कपडे बदलून आले.

लोधीखेड्याहून दोघं आले, मुलीची आई आणि मुलीचा मामा. मामा गाडीतून उतरताच रस्त्यावर थांबला आणि मान मागे टाकून आमच्या छपराकडे पाहू लागला.

"कवेलू भारी ठेवले हो तुमी," तो बाबांना म्हणाला. "असे आता पाहाले नाई भेटत. एकसारखे. एकबी इकडचा तिकडं नाई."

"एकाच भट्टीचे हायेत सारे," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज जाड झाला होता. "आन् टिपूस नाई येत. कोनालेबी विचारा गल्लीत."

"स्लॅबपेक्षा थंड राहते हो घर," आत्या म्हणाली.

"राहतेच ना," मामा म्हणाला, आणि दादानं सुटकेचा श्वास टाकला, तो मला पन्ह्याचा ट्रे धरूनही ऐकू आला.

मुलीची आई म्हणजे बारीक अंगाची, सुती साडीतली बाई. खुर्चीवर टेकून बसली नव्हती. पन्ह्याचा पेला हातात धरून ती बैठक पाहत होती: विजेचं बटण जिथं तुटलं आहे ते, पडद्याची नवी घडी, दिवानाखाली ढकललेली माझी चप्पल. न्हाणीघर दाखवलं तर तिनं नळ सोडून पाहिला, पाणी किती जोरात येतं ते. स्वयंपाकघरात वर पाहिलं. तिथं कवेलू उघडेच होते. आईनं आदल्या दिवशी पुसून घेतलं होतं आणि परातीही उचलून ठेवल्या होत्या. मी तिच्यामागे चालत होते. बोलण्याआधी सगळं पाहून घ्यायचं ही सवय मला ओळखू येते. पण तिच्याबद्दल मला काही आपलेपणा वाटला नाही. ती माझ्याकडे पाहून एकदाही हसली नव्हती, आणि आमचं घर ती बाजारातली वांगी दाबून पाहावीत तसं पाहत होती.

शेवटी आम्ही मागच्या खोलीत आलो. आई, आत्या, ती, आणि दाराशी मी. दादा माझ्या मागे येऊन उभा राहिला.

"पाहा," आत्या म्हणाली. "एकदम हॉटेलवानी करून टाकली आमच्या पोरानं. सारं तुमच्या लेकीसाठी."

मुलीच्या आईनं वर पाहिलं. एका कोपऱ्यातलं फूल पाहिलं, दुसऱ्या कोपऱ्यातलं, मग पलंगावरचं. त्या फुलावर तिची नजर थांबली की मला तसं वाटलं, ते सांगता येत नाही. मग तिनं कपाटाशेजारच्या भिंतीवर हात ठेवला. तिथं चुना फुगून पोपडे झाले होते, आईनं त्यावर कॅलेंडर लावलं होतं. तिनं कॅलेंडर उचलून पाहिलं आणि परत सोडलं.

"इथं कोन राहते आता?"

"हे पोरगी," आत्यानं माझ्याकडे हात केला. "पन हे काय, आज हाय उद्या नाई."

"पावसात कसं राहते इथं?" तिनं विचारलं. मला विचारलं.

"काई नाई येत हो पानी," आई घाईनं म्हणाली. "समोर पाह्यलं ना तुमी आत्ता."

"समोर पाह्यलं," ती म्हणाली. "माही पोरगी समोर नाई राहनार."

"अवं, तिले काय विचारता!" आत्या मोठ्यानं हसली. "ते बोलत नाई कोनाशी. इंग्लिश मीडियमची हाय ना, आमीबी कमी पडतो तिले."

"मी पोरीले विचारून राहिली," मुलीची आई म्हणाली. आवाज चढवला नाही, पण आत्याचं हसणं थांबलं.

सगळे माझ्याकडे पाहत होते. आईच्या चेहऱ्यावर पोळ्या लाटतानाचा तोच भाव होता. मी मागे वळून दादाकडे पाहिलं. कालपर्यंत पलंगावर उभा राहून हसणारा तो, चौकटीला धरून उभा होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला माझी भीती वाटत होती. खोटं कशाला लिहू, मला ते आवडलं.

त्याच्या लग्नाचं काय होईल हे मला कळत होतं. रस्त्यावर उभ्या बाबांची वर केलेली मान मला आतूनही दिसत होती. त्या मुलीचा मला कळवळा आला होता असं मी म्हणणार नाही. तिचा फोटो मी पाहिला होता, आणि ती दादाला साजेशीच वाटली होती, थोडी आखडू. पण एक गोष्ट मला त्या क्षणी स्वच्छ दिसली. पावसाळ्यात एके दिवशी ती या पलंगावरून उठून स्वयंपाकघरात जाईल आणि सांगेल, मागं पाणी येतं. आई लाटणं थांबवेल. म्हणेल, आमची पोरगी इतकी वर्षं झोपत होती तिथं, एका शब्दानं बोलली नाही, ती मेली का? माझ्या गप्प बसण्याचा दगड उचलून तिला मारतील. आणि मी तेव्हा बैठकीत, पडद्यापलीकडे, कोरड्या दिवानावर बसून ते ऐकत असेन.

"सांग ना वं," आत्या दातांमधून म्हणाली. "सांग, काई नाई येत म्हून."

"गळते, मावशी," मी म्हणाले. "वर पानी साचून राहते. आन् बाहेरून जे कवेलू तुमी पाहून आल्या ना, ते याच खोलीवरचे हायेत."